हळद, ताक आणि कोंबडीचे पोट

गावोगाव फिरताना आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "कोंबड्यांच्या खाद्यात हळद घातली, तर त्या लवकर वाढतात म्हणे. खरं का हो?"

विचारणारा बहुधा ब्रॉयलरची पिल्ले पाळणारा असतो. कुणाची दोनशे पिल्ले, कुणाची पाच हजार. हो म्हणावे, तर ते पुरते खरे नाही. नाही म्हणावे, तर तेही खोटेच. म्हणून आज जरा सावकाश बसून या गोष्टीचा विचार करू. त्यासाठी आधी कोंबडीच्या पोटात काय चालते ते पाहायला हवे.

ब्रॉयलरचे पिल्लू घरी येते तेव्हा ते जेमतेम ४० ग्रॅमचे असते. मुठीत मावते. सहा आठवड्यांच्या आतच ते दोन किलोचे होते. म्हणजे पन्नास पट! माणसाचे मूल असे वाढले असते, तर सहा आठवड्यांत त्याला उचलायला बैलगाडी लागली असती. ही सगळी वाढ खाद्यातून होते. आणि आपल्या एकूण खर्चात दोन-तृतीयांश खर्च खाद्याचाच असतो. खाद्य अंगी लागले तर पैसा राहतो. नाही लागले तर तो विष्ठेतून उकिरड्यावर जातो.

आता पोट. कोंबडीला दात नाहीत. टिपलेला दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत जातो आणि तिथे भिजतो. मग तो जातो पेठ्यात. खाटकाकडे कलेजीबरोबर मिळतो, तोच हा पेठा. हे कोंबडीचे जाते. तिथे दाणा दळला जातो. तिथून पुढे लांबलचक आतडे. या आतड्याला आतून बारीक लव असते. अंग पुसायच्या जाड टॉवेलाला कशी असते, तशी. ही लव खाद्यातला सगळा कस ओढून घेते आणि रक्तात सोडते. लव दाट आणि निरोगी असेल तर मूठभर खाद्याचे मांस होते. लव झिजली, सुजली की तेच खाद्य पाण्यासारखे बाहेर पडते.

या आतड्यात जंतू राहतात. डोळ्यांना न दिसणारे, पण लाखो-करोडो. जंतू म्हटले की आपण दचकतो. पण सगळे जंतू वाईट नसतात, बरं का! दुधाचे दही कोण करतो? जंतूच करतात. इडलीचे पीठ कोण फुगवतो? तेही जंतूच. कोंबडीच्या आतड्यातही असे भले जंतू असतात. ते जागा अडवून बसले, की हगवण लावणाऱ्या वाईट जंतूंना शिरायला जागा राहत नाही. बाजारच्या एस.टी.त सगळ्या जागा भल्या माणसांनी धरल्या, तर खिसेकापू बसणार कुठे?

आता एक प्रश्न. हे भले जंतू पिल्लाच्या पोटात येतात कुठून? अंड्यातून निघताना पिल्लाचे पोट जवळजवळ कोरे असते. गावठी कोंबडीची पिल्ले आठवा. ती आईच्या मागे-मागे फिरतात. आई उकरते, तिथे चोच मारतात. आईची विष्ठाही टिपतात. आपल्याला ते घाणेरडे वाटते. पण त्यातूनच आईच्या पोटातले भले जंतू पिल्लाच्या पोटात जातात. आई जणू विरजण देते. ब्रॉयलरचे पिल्लू मात्र यंत्रात उबवलेले. त्याने आई पाहिलेली नसते. त्याला विरजण देणार कोण?

फिनलंड नावाच्या थंड देशात नुर्मी नावाच्या शास्त्रज्ञाने हेच ताडले. त्याने मोठ्या, निरोगी कोंबड्यांच्या आतड्यातला अंश घेतला आणि तो एक-दोन दिवसांच्या पिल्लांना पाजला. मग त्या पिल्लांना साल्मोनेला नावाच्या वाईट जंतूची सहज बाधा होईना. हे त्याने १९७३ साली जगाला सांगितले. आपल्या गावठी कोंबडीला ते आधीपासूनच ठाऊक होते. पण तिला लिहिता येत नाही!

(आपण मात्र कोंबडीची विष्ठा पिल्लांना पाजायला जाऊ नये. भल्याबरोबर चार वाईट जंतूही जातील. शास्त्रज्ञाने ते तपासून-निवडून केले होते.)

आता या गोष्टीची दुसरी बाजू सांगतो. ती जरा काळजीची आहे.

१९४८ सालच्या सुमारास अमेरिकेत दोन शास्त्रज्ञ कोंबड्यांसाठी एक जीवनसत्त्व शोधत होते. एका औषधाच्या कारखान्यात राहिलेला चोथा त्यांनी पिल्लांना खाऊ घातला. ते औषध जंतू मारणारे होते. आपण त्याला अँटिबायोटिक म्हणतो. पिल्ले भराभर वाढली! जीवनसत्त्वाने वाढावीत, त्यापेक्षाही जास्त वाढली. चोथ्यात थोडे औषध उरले होते, त्याची ती करामत होती. झाले! तेव्हापासून जगभर कोंबड्यांच्या खाद्यात चिमूट-चिमूट औषध घालू लागले. रोग असो नसो. रोज.

कपाशीवाल्यांना पुढचे सांगायला नको. एकच औषध वर्षानुवर्षे फवारले की अळी मरेनाशी होते. मरायच्या त्या मरतात. चार चिवट उरतात, त्यांचीच पिलावळ वाढते. जंतूंचेही तसेच. चिमूटभर औषध रोज मिळाले, की कोंबडीच्या पोटातले चिवट जंतू तेवढे उरतात. मग ते विष्ठेतून खतात, खतातून शेतात, हातावरून आपल्या घरात येतात. उद्या घरातले लेकरू तापाने फणफणले, डॉक्टरांनी तेच औषध दिले आणि ते लागूच पडले नाही, तर? दोन किलोच्या कोंबडीमागे पन्नास-शंभर ग्रॅम वजन जास्त मिळवायला आपण हे विकत घ्यायचे का?

स्वीडनने १९८६ साली वाढीसाठी अशी औषधे घालणे बंद केले. युरोपातल्या अनेक देशांनी मिळून २००६ सालापासून ते बंद केले. आपल्याकडे कोलिस्टिन नावाचे औषध कोंबड्यांना सर्रास देत असत. माणूस अगदी अत्यवस्थ झाला, दुसरे काही लागू पडेना, तेव्हा डॉक्टर हे औषध काढतात. ते खाण्याच्या जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यावर भारत सरकारने २०१९ साली बंदी घातली. ही बंदी फार गरजेची होती, असे आमचे मत आहे.

औषध बंद केले तर कोंबड्या मरतील, धंदा बुडेल, अशी भीती सगळीकडेच होती. डेन्मार्क देशातल्या ब्रॉयलरवाल्यांनी १९९८ साली वाढीची औषधे थांबवली. मग हिशेब पाहिला. मर वाढली नव्हती. वजनही घटले नव्हते. खाद्य तेवढे किंचित जास्त लागत होते.

तो किंचित तोटा कसा भरून काढायचा? इथे आपला हळदीचा डबा येतो.

आपल्या स्वयंपाकघरातल्या पुष्कळ वस्तू वाईट जंतूंना थोडा लगाम घालतात, पचन सुधारतात, आतड्याची सूज कमी करतात. आपली आजी हेच सांगत होती. आता शास्त्रज्ञांनी कोंबड्यांवर त्यांचे प्रयोग केले आहेत. कुठे चांगला गुण दिसला, कुठे थोडा, कुठे काहीच नाही. म्हणून कुणी दुकानदार "ही पुडी घाला, कोंबडी दीडपट होईल" म्हणाला, तर त्याला नमस्कार करून पुढे चालू लागा.

हळद घ्या. हळदीतला पिवळा अंश सूज उतरवतो आणि यकृताला, म्हणजे कलेजीला, जपतो. प्रयोगांत एक किलो खाद्याला साधारण ५ ग्रॅम हळद घालतात. म्हणजे ५० किलोच्या पोत्याला पाव किलो. याहून जास्त घालून जास्त गुण येत नाही. हळकुंडे आणून घरी कुटावी किंवा दळावी, हे बरे. बाजारातल्या सुट्या पिवळ्याधमक पुडीत कधी कधी शिशाचा रंग मिसळलेला असतो. तो कोंबडीला विष आणि ती कोंबडी खाणाऱ्यालाही विष.

हळद मिसळताना एक करा. पाव किलो हळद एकदम पोत्यात ओतू नका. आधी ती दोन किलो खाद्यात चोळून मिसळा. मग ते दोन किलो दहा किलोत. मग दहा किलो सगळ्या पोत्यात. नाही तर एका कोंबडीला नुसती हळद आणि दुसरीला नुसता मका!

लसणाचा वास आपल्याला ठाऊक आहे. त्या वासातच त्याचा गुण आहे. वाळवून केलेली लसणाची पूड किलोला ५ ग्रॅमच्या आसपास घालतात. जास्त झाली की पिल्ले खाद्याला तोंड लावत नाहीत. ओव्यात थायमॉल नावाचे तेल असते. पोट दुखले की आपण ओवा चावतो, तो त्यासाठीच. युरोपात ओव्यासारख्याच वासाच्या एका पाल्याचे तेल खाद्यात घालतात. आपण पोत्याला १०० ग्रॅम ओवा भरडून सुरुवात करावी आणि गुण पाहावा.

शेवग्याचा पाला वेगळ्या कामाचा. वाळलेल्या पाल्यात जवळजवळ पाव हिस्सा प्रथिने असतात; शिवाय जीवनसत्त्वे. पाला सावलीत वाळवावा. उन्हात वाळवला तर जीवनसत्त्वे उडून जातात. पूड करून १०० किलो खाद्यात २ ते ३ किलो घालावी. तीही पिल्ले दोन-तीन आठवड्यांची झाल्यावर. फुकटचा आहे म्हणून पोतेच्या पोते ओतू नये. पाल्यात चोथा फार. कोंबडी काही शेळी नव्हे.

आणि ताक. आई नसलेल्या पिल्लाला विरजण देणार कोण, असे आम्ही वर विचारले होते. ताकात दह्याचे भले जंतू असतात. ते पिल्लाच्या पोटात कायमचे घर करतीलच असे नाही. पण आहेत तोवर पोट आंबट ठेवतात, आणि आंबट पोट वाईट जंतूंना मानवत नाही. म्हणून ताक रोज थोडे-थोडे दिले तर उपयोग. पातळ, ताजे, बिनमिठाचे ताक पिण्याच्या पाण्यात मिसळून सकाळी दोन तास द्यावे. एक लिटर पाण्याला अर्धी वाटी पुरे. दोन तासांनी भांडे काढून घासून ठेवावे. तेच ताक दुपारपर्यंत उन्हात राहिले, तर त्यात माशा आणि बुरशी. मग भल्यासाठी दिलेले बाधते. ताक पत्र्याच्या किंवा जस्ताच्या भांड्यात देऊ नये. आंबट पदार्थ जस्त खातो. प्लास्टिकचे किंवा मातीचे भांडे चांगले.

कडुलिंबाचेही लोक विचारतात. इथे आम्हीच एकदा फसलो. कडू ते गुणाचे, असे म्हणून आम्ही पोत्याला दोन किलो पाल्याची पूड घातली. पिल्लांनी दोन दिवस खाद्य नुसते चोचीने उडवले. निम्मे खाली सांडले. वजन वाढायचे ते घटले. तेव्हापासून कडुलिंब आम्ही शेडच्या दाराला बांधतो, खाद्यात घालत नाही.

पण हे सगळे वरचे मीठ-मसाल्याचे काम झाले. भाकरीच करपली असेल तर मीठ-मसाला काय करणार?

भाकरी म्हणजे मका. पावसात भिजलेला, नीट न वाळलेला मका स्वस्त मिळतो. त्याला काळी-हिरवी बुरशी येते. कधी ती डोळ्यांना दिसतही नाही, नुसता कुबट वास येतो. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. टर्की म्हणजे कोंबडीचाच थोरला भाऊबंद. कसला रोग आहे ते कुणाला कळेना. शेवटी सापडले. बाहेरच्या देशातून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी होती आणि बुरशीने पेंडीत विष सोडले होते. या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. ते कलेजी जाळते. थोड्या विषाने कोंबडी मरत नाही. नुसती वाढत नाही, आणि लस टोचूनही आजारी पडते. उकळले, भाजले तरी हे विष सगळे जात नाही. हळदीने कलेजीची हानी थोडी कमी होते, असे प्रयोगांत दिसले आहे. पण म्हणून बुरशीचा मका घेऊन त्यात हळद घालायची, हा शहाणपणा नव्हे. मका दाताखाली धरा. कट्‌ असा फुटला तर वाळला. दबला तर परत पाठवा. पोती भिंतीला टेकवू नका, खाली फळ्या घाला.

सोयाबीनचेही सांगून ठेवतो. कच्चे सोयाबीन भरडून घालू नये. त्यात पचन अडवणारा अंश असतो. तो भाजल्याशिवाय जात नाही. कारखान्यातून आलेली पेंड शिजलेली असते, ती चालते.

दुसरे पाणी. पिल्लू जेवढे खाते त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. पाण्याचे भांडे बोटाने आतून चोळून पाहा. बुळबुळीत लागले, तर तिथे वाईट जंतूंची वस्ती झाली. मग खाद्यात लसूण घालून काय उपयोग?

तिसरी गादी, म्हणजे खाली पसरलेला भाताचा तूस. तो मुठीत दाबून सोडा. मोकळा झाला तर ठीक. गोळा राहिला तर ओला. ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. रोज खालीवर करा, ओला भाग काढून नवा तूस टाका. पहिल्या आठवड्यात ऊबही हवी, सुमारे ३२ ते ३५ अंश. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडेच पाहा. दिव्याखाली एकावर एक चढली तर त्यांना थंडी वाजते. दिव्यापासून दूर पळून चोच उघडून धापा टाकू लागली तर उकडते. सगळीकडे विखरून निजली तर बरोबर.

आणि लस. हे आम्ही ठासून सांगतो. मानमोडी आणि गंबोरो हे रोग लसीनेच अडतात. हळद, लसूण, ताक, काढा, कशानेही नाही. हळद खातात म्हणून लस चुकवली आणि आठ दिवसांत शेड रिकामे झाले, असे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्यातल्या लशींच्या तारखा जनावरांच्या डॉक्टरांना विचारून भिंतीवर लिहा. पाण्यातून लस द्यायच्या दिवशी पाण्यात ब्लीचिंग पावडर नको, लिंबू नको, लसणाचा रस नको. लस जिवंत असते, ती त्याने मरते.

कोंबड्या खरेच आजारी पडल्या, तर डॉक्टर औषध देतील. ते जरूर द्यावे. किती दिवस द्यायचे आणि ते संपल्यावर किती दिवस कोंबडी विकायची नाही, हे दोन्ही विचारून लिहून ठेवावे. औषध अंगातून उतरायच्या आत विकली, तर ते गिऱ्हाइकाच्या ताटात जाते. त्या ताटात आपलेही घर आलेच.

कंपनीची पिल्ले पाळणाऱ्यांना एक सूचना. पिल्ले त्यांची, खाद्य त्यांचे, आणि मोबदला करारावर. तिथे न विचारता खाद्यात काही मिसळू नका. उद्या वजन कमी भरले तर ठपका तुमच्यावर येईल. त्यांच्या माणसाला मात्र बेधडक विचारा, "या पोत्यात वाढीचं औषध आहे का? कोणतं?" तुम्हाला आता वाचता येते. पोत्यावरची चिठ्ठी तुम्हीच वाचा.

आता मूळ प्रश्न. हळदीने आपल्या शेडात फायदा होतो का? हे आम्ही सांगून काय उपयोग? तुम्हीच पाहा ना!

शंभर पिल्ले असतील तर शेडात मधोमध जाळी लावा. पन्नास इकडे, पन्नास तिकडे. ऊब, पाणी, गादी, सगळे सारखे. एका बाजूच्या खाद्यात हळद, दुसऱ्या बाजूला नुसते खाद्य. दोन्ही बाजूंचे खाद्य रोज मोजून टाका आणि वहीत लिहा. दर रविवारी सकाळी, खाद्य टाकण्याआधी, दोन्हीकडची दहा-दहा पिल्ले न निवडता उचला आणि वजन करा. निवडून उचलली तर आपले डोळे आपल्यालाच फसवतात. हळदीकडची गुबगुबीतच हाताला लागतात! मेलेले पिल्लूही लिहा. ते लिहायला जिवावर येते, तरी लिहा.

शेवटी हिशेब. समजा, शंभर पिल्ले दोन-दोन किलोची झाली. म्हणजे २०० किलो कोंबडी. किलोमागे १ किलो ७०० ग्रॅम खाद्य लागले, तर एकूण ३४० किलो. हळदीने पचन सुधारून किलोमागे १ किलो ६०० ग्रॅमच लागले, तर ३२० किलो. वीस किलो खाद्य वाचले. पण ३२० किलो खाद्यात किलोला ५ ग्रॅमप्रमाणे हळद गेली १ किलो ६०० ग्रॅम. आता तुमच्या गावचा भाव धरा. वीस किलो खाद्याचे पैसे एका बाजूला, हळदीचे दुसऱ्या बाजूला. खाद्याचे पैसे जास्त भरले तर हळद परवडली. नाही तर हळद आमटीत घाला, तिथे ती कधी वाया जात नाही.

एका लॉटवरून मात्र ठरवू नका. एकदा उन्हाळ्यात पाहा, एकदा पावसाळ्यात. आणि वजन करताना पिल्लू पाय धरून उलटे लोंबवू नका, त्याला बादलीत बसवा. रिकाम्या बादलीचे वजन आधीच लिहून ठेवा. नाही तर बादलीचे वजनही हळदीच्या खात्यात जमा व्हायचे!